पेट्रोलचा पाइप: काटकसर कुठे करावी

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवताना किंवा कार्बोरेटर काढून इंजेक्शन लावताना मालकाचा सगळा हिशेब इंजिन, चाके आणि रंग यांभोवती फिरतो. टाकीपासून इंजिनापर्यंतचा पेट्रोलचा पाइप शेवटी आठवतो आणि हातातले पैसे संपत आल्यावर मिळेल तो बसवला जातो. माझे म्हणणे असे की सुरक्षितता आणि काटकसर यांचे इथे वैर नाही. गाडीखालचे लांब अंतर पोलादी नळीने जोडावे. इंजिन हलते, म्हणून टोकांना रबर लागतेच. ते आखूड ठेवावे, पण उत्तम प्रतीचे घ्यावे. महाग वस्तू थोडीच लागली की एकूण खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

रबराच्या प्रतीचा एवढा आग्रह का, तर त्याला तीन कारणे आहेत. पहिले कारण दाबाचे. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब तीन ते पाच पौंड असतो. इंजेक्शनच्या गाडीत तो चाळीस पौंडांच्या वर, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. दुसरे कारण पेट्रोलचे. 2025पर्यंत देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पोहोचले आहे आणि जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, पुढे तडकते. तिसरे कारण आपल्या हवेचे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. बोनेटखाली उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणून पाइपावर छापलेली अक्षरे वाचून खरेदी करावी. इंजेक्शनसाठी एसएई जे30 आर9 हा दर्जा पाहावा. त्याच्या आतला थर इथेनॉलला टिकणारा असतो. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी आर10 लागतो, कारण आर9चे बाहेरचे आवरण बुडून राहण्यासाठी केलेले नसते.

यावर काही जण म्हणतात, स्टीलची जाळी असलेला चकचकीत पाइप मजबूत दिसतो, तोच का घेऊ नये? जाळी दाब सोसते, पण आतले रबर हलके असेल तर ते म्हातारे झाल्याचे जाळीमुळेच दिसत नाही. शिवाय ती जाळी शेजारच्या वायरींना घासून त्यांचे आवरण कापते. दुसरे म्हणणे असे की गाडी कार्बोरेटरची आहे, दाब कमी आहे, मग पारदर्शक प्लास्टिकची नळी चालेल. दाब कमी असला तरी पेट्रोल तेच आणि ऊनही तेच. ही नळी काही काळाने कडक होते आणि क्लिपेपाशी चिरते. ठिबक सिंचनाची नळी तर मुळीच वापरू नये. आपल्या जळगावने ठिबकाचे नाव देशभर केले, पण ती नळी पाण्यासाठी घडवलेली आहे. तांब्याची नळी वाकवायला सोपी खरी. मात्र रस्त्यावरच्या सततच्या कंपनाने ती ताठर होऊन तडकते.

चांगला पाइपही वाईट बसवला तर घात करतो. नळीच्या टोकाला फुगवटा हवा, म्हणजे रबर निसटत नाही. इंजेक्शनसाठी गोल, सलग दाबणारी क्लिप हवी. पाइप सायलेन्सरपासून दूर न्यावा आणि पत्र्याच्या भोकातून जाताना त्याला रबरी ग्रोमेट लावावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते आणि दूरच्या ठिणगीलाही गाठते. नोव्हेंबर 2024मध्ये जळगावच्या इच्छादेवी चौक परिसरात ओम्नीत घरगुती सिलिंडरचा गॅस भरताना भडका उडाला, त्यात माणसांचे जीव गेले. तिथे इंधन वेगळे होते, पण गॅसही तसाच जड असतो आणि बंदिस्त जागेत साचतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. धुळे काय, जळगाव काय, गाडीवर पोट असणाऱ्याला प्रत्येक रुपया मोजावा लागतो. पण काटकसर रंगात करावी, चाकांत करावी. हातभर चांगले रबर आणि चार नीट क्लिपा यांचा खर्च एकूण बदलाच्या मानाने किरकोळ असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार इंजिनबदलासाठी आरटीओची परवानगी लागतेच. आरटीओच्या तपासणीपूर्वी मिस्त्रीकडून पाइपाचा दर्जा बिलावर लिहून घ्या. इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड डोळ्यांनी तपासा आणि दरवर्षी उन्हाळ्याआधी ही तपासणी पुन्हा करा. गाडीत आपलीच माणसे बसणार आहेत.