जरीचं लुगडं विकण्याआधी

(सोनाळा येथे बचत गटांच्या बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या महिन्यात गल्लीत "जुन्या जरीच्या साड्या घेतो" असं ओरडत एक जण आला. माझ्या जाऊबाईंनी सासूबाईंचा शालू विकायला काढला होता. असे शालू पुढं काय होतात, ठाऊक आहे? जाळतात, अन् राखेतून चांदी काढतात. खऱ्या जरीत चांदीची तार असते, वर सोन्याचा मुलामा.

जुने गोवे इथं सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. 1994 मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, 2002 मध्ये इथं आलं. पाद्री प्रार्थनेच्या वेळी घालायचे, ते भरतकामाचे जुने झगे तिथं जपलेत. ते भरणाऱ्या हातांची नावं सहसा कुठं लिहिलेली नसतात. आपल्या आजीच्या गोधडीवरही तिचं नाव नसतंच की!

असं कापड जपायची रीत आपल्याला घरी जमण्यासारखी आहे.

जरीचं जुनं कापड धुऊ नका. मी चुकले होते. आजीची शाल साबणात भिजवली, लाल रंग पांढऱ्या काठावर उतरला, तो आजतागायत गेला नाही. जर काळी पडली तरी चिंच-लिंबानं घासू नका, मुलामा निघतो. धूळ मऊ ब्रशनं हलक्या हातानं झटका.

घडीवर जर तुटते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं सुती कापड लावून त्यावर गुंडाळा; भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरते. लोखंडी पेटीत गंज लागतो, म्हणून सुती कापडात बांधून ठेवा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. ऊन दाखवायचं तर सावलीतच वारा द्या.

फाटलं तर डिंक, फेविकॉल लावू नका. मागून मऊ कापडाचा आधार द्या, बारीक सुईनं सैल टाके घाला. मूळचा धागा उपसू नका. आपला टाका उद्या उसवता आला पाहिजे.

पैशाची नड असते, मला कळतं. पण नड असेल तर आधी गटात बोला, अंतर्गत कर्ज मागा. जाऊबाईंनी तेच केलं. शालू घरीच आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचं एक जुनं कापड आणा. कोणी भरलं, कधी नेसलं, ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवू.