नदीच्या जमाखर्चातील सुटलेली बाजू

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात नदीचा विषय निघाला की चर्चा टीएमसीवर येते. भंडारदऱ्यात ११, मुळा धरणात २६, निळवंड्यात सुमारे ८. कालव्याला आवर्तने किती आणि जायकवाडीला पाणी किती. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर समन्यायी वाटपाचा तंटा न्यायालयापर्यंत गेला. तंटा खराच आहे. परंतु त्यात सर्व पक्ष पाणी मोजतात, नदी कोणीच मोजत नाही.

वास्तविक याच जिल्ह्याने अर्थशास्त्राला हिशेबाचा एक मोठा धडा दिला. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने केलेल्या गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाहणीचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्याचे फळ केवळ सरकारच्या पाणीपट्टीत न पाहता प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांत पाहावे, ही त्यामागील दृष्टी. त्याच न्यायाने अप्रत्यक्ष हानीही खर्चाच्या बाजूस मांडावयास हवी. ती दाखविण्याचे काम नदीचे विज्ञान करते.

हिमालयातील नद्यांच्या गाठीशी बर्फाचे भांडवल असते. उन्हाळ्यात ते वितळते आणि प्रवाह टिकतो. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या प्रवरा, मुळा, भीमा यांना हा आधार नाही. त्यांचे भांडवल म्हणजे चार महिन्यांचा पाऊस, जमिनीत मुरलेले पाणी आणि काठचे डोह. उपसा वाढून भूजल खालावले, वाळू गेली, की डोहही आटतात आणि माशांचा उन्हाळ्यातील शेवटचा आसरा नाहीसा होतो.

पहिल्या पुरात अनेक मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. वलगण म्हणून हा काळ गावोगाव ठाऊक आहे. धरणाची भिंत ही वाट तोडते. भिंतीच्या वर वाहत्या पाण्याचा संथ जलाशय होतो. खाली दरवाजे मिटल्यावर खडक उघडे पडतात.

कंपनी सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील आपले काम १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केले. अनेक जातींना त्यांनी येथील मराठी नावेच दिली. खुद्री, कोळस ही नावे आजही जागतिक शास्त्रीय परिभाषेत आहेत. नावे राहिली, ती सांगणारे मात्र अनाम राहिले. भीमेवरील उजनीच्या जलाशयाचे पाणी कर्जत तालुक्याच्या काठाला लागते. तेथील जाळ्यांत आता मुख्यतः चिलापी सापडते. ही मूळची आफ्रिकेची जात १९५२ साली भारतात आणली गेली. मासळीचे वजन भरते, म्हणून नदी सुखरूप आहे असे मानणे भ्रामक ठरेल. एकाच जातीवर उभी राहिलेली उपजीविका एका रोगाने किंवा एका दुष्काळाने कोसळू शकते.

याकरिता मागण्या साध्या आहेत. प्रत्येक धरणाखाली उन्हाळ्यात किमान प्रवाह राखला जावा. साठ्याच्या आकड्यांबरोबर माशांच्या जाती, गाळ व पाण्याची प्रत यांची वार्षिक नोंद जाहीर व्हावी. कालवा सल्लागार समितीत भोई व अन्य मच्छीमारांच्या संस्थांना स्थान मिळावे.

वरच्या आणि खालच्या तालुक्यांत समन्याय हवाच. परंतु ज्यांच्या नावावर एकरही नाही, नदी हेच ज्यांचे शेत आहे, त्यांना वगळून केलेल्या वाटपाला समन्यायी म्हणता येणार नाही.