परसातील कोंबड्यांसाठी कमानीचे खुराडे



खेड्यातील घरी आठ-दहा कोंबड्या असतात. त्यांचा हिशेब सहसा घरातील स्त्रीच ठेवते. अंड्यांचे पैसे तिच्या हाती येतात आणि त्यांतून मुलांच्या वह्या, तेल-मीठ भागते. म्हणूनच एखादे मुंगूस एका रात्रीत चार-पाच कोंबड्या मारून जाते, तेव्हा होणारी हानी केवळ पक्ष्यांची नसते. कोंबड्या डालग्याखाली डालण्याची रीत जुनी आहे. पिलांना ते पुरते. परंतु डझनभर मोठ्या कोंबड्या त्यात कोंबल्या की वारा खेळत नाही, आणि कुत्र्याच्या एका धक्क्याने डालगे उलटते.

यावर विटांचे व पत्र्याचे पक्के खुराडे हाच एक उपाय, असा समज गावापासून कचेरीपर्यंत आढळतो. तसे खुराडे खर्चाचे तर असतेच, शिवाय विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात त्याचा ठेंगणा पत्रा भट्टीसारखा तापतो. बांबूच्या कमानीचे खुराडे मात्र बुरुडकाम जाणणारा कारागीर गावातच, थोडक्या साहित्यात उभे करू शकतो.

बांबू हिरवा असतानाच चिरावा. वाळल्यावर कामट्या वाकण्याऐवजी मोडतात. चिरलेल्या कामट्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यांना भुंगा कमी लागतो. अखंड बांबूंची ६ फूट लांब व ५ फूट रुंद चौकट जमिनीवर मांडावी. १० फूट लांबीच्या कामट्यांच्या पाच कमानी दीड-दीड फुटावर तिला बांधाव्यात. मधोमध सुमारे पावणेचार फूट उंची मिळते. झाडलोटीसाठी वाकून आत जाता येते. माथ्यावर एक व दोन्ही अंगांना एकेक आडवा बांबू बांधला की सांगाडा ताठ होतो. वर ताडपत्री आणि तिच्यावर गवताचा थर द्यावा. नुसत्या ताडपत्रीखाली उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात. एवढ्या जागेत १२ कोंबड्या सुखाने राहतात.

खरी काळजी जाळीची. बाजारातील षट्‌कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला वा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. तळापासून दोन फूट तरी अर्ध्या इंची छिद्रांची जोड-तारेची जाळी हवी. तिचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूस जमिनीवर दुमडून त्यावर दगड-माती टाकावी, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. पैसे कमी पडत असतील तर छपरात काटकसर करावी, येथे नव्हे. दोन्ही टोकांना माथ्यालगत मात्र जाळीच ठेवावी. तेथे पोते ठोकले की विष्ठेचा उग्र वायू आतच कोंडतो.

बसण्यासाठी दीड फूट उंचीवर ६ फुटांचे दोन गोल बांबू आणि अंड्यांसाठी भुसा घातलेल्या तीन टोपल्या पुरतात. बांबूच्या सांध्यांत पिसवा व गोचिडी दडतात. तेथे अधूनमधून चुना फासावा. मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. खुराडे कितीही चांगले असले तरी तो रोग अडत नाही.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे. भारतीय वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या शेतातील बांबू तोडण्या-नेण्यातील परवान्याची अडचण बरीचशी सरली. पक्षीवाटपाच्या योजनांत पुष्कळदा पिले आधी येतात आणि निवाऱ्याचा विचार मागाहून होतो. हा क्रम उलटा करून, पिलांच्या तारखेपूर्वी प्रत्येक लाभधारक घरी खुराडे उभे आहे व त्याचे दार नीट लागते, एवढे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने समक्ष पाहावे.