जुन्या मोटारींची शर्यत आणि बेताची मिळकत

मोटारींची शर्यत म्हटली कीं संस्थानिकांचें वैभव डोळ्यांपुढें उभें राहतें. जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या शर्यतीचा उगम मात्र तेथें नाहीं. इंग्लंडांत १९३४ सालीं ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ निघाला, तो फारशी सांपत्तिक ऐपत नसलेल्या हौशी लोकांसाठीं. तेव्हां कांहीं वर्षें वापरलेली मोटार स्वस्तांत मिळे. ती स्वतः खोलावी, जुळवावी आणि तशाच गाड्यांशीं धांवडवावी, एवढाच त्यांचा मनोदय. ७४७ घनसेंटिमीटरची चिमुकली ‘ऑस्टिन सेव्हन’ तर गरिबाचें तट्टूच! पुढें जगप्रसिद्ध झालेल्या ब्रूस मॅक्लारेननें शर्यतीचा श्रीगणेशा न्यूझीलंडांत केला, तो अशाच एका १९२९ च्या ऑस्टिनवर.

हातचें कसब आपल्या परभणी जिल्ह्यांतहि आहे. जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवून ती पुनः रस्त्यावर आणणारा कारागीर कोणत्या तालुक्यास अपरिचित आहे? पण केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें ‘व्हिंटेज’ वाहन पन्नास वर्षांहून जुनें तर हवेंच, शिवाय त्याचा सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये. मूळचे सुटे भाग देशोदेशींहून मिळविणें धनिकांस साधतें. इंजिन बदलूनच गाडी जिवंत ठेवणारा गृहस्थ या व्याख्येबाहेर राहतो. मूळ रूप जपावें, हें मलाहि मान्य आहे. तथापि बंद मार्गावरील शर्यतींत अशा बदललेल्या गाड्यांचा निराळा वर्ग मोटार-क्लबांनीं ठेवावा, आणि त्याचें प्रवेशशुल्क कारागिराच्या आठवड्याच्या कमाईहून अधिक नसावें.