गाण्यातला गावचा उच्चार



लताबाई मंगेशकरांच्या उमेदवारीच्या काळात दिलीपकुमारांनी मराठी गायकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, असे म्हटले. लताबाईंनी उर्दूची शिकवणी धरली. परभाषेत गाताना ते उचितच. परंतु स्वभाषेतही आपला उच्चार लपवावा काय? इंग्लंडातील अनेक रॉक गायकांनी अमेरिकी ढब उचलली. शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज'नी मात्र २००६ साली गावच्याच उच्चारात गाऊन देशभर मान मिळविला.

आपल्याकडे बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली, ती लेवा बोलीतच. ती प्रमाण मराठीत उतरविली असती, तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता!

खानदेशी कुटुंबे पोटासाठी नवागामात आली, तेव्हा ओव्याही सोबत आल्या. एका विद्यार्थिनीने अशीच ओवी गाताना 'डोया' म्हटले. मी 'डोळा' म्हणावयास लावले. शब्द शुद्ध झाला, गाणे परके झाले. ती माझ्यासमोर पुन्हा गायली नाही.

ही चूक आज कबूल करतो. या ग्रंथालयाने पुस्तकांशेजारी आपल्या आयाबहिणींचे आवाजही जपावेत, त्यांच्याच उच्चारांसह, एवढीच विनंती.