चाळीस मिनिटांचा निबंध

परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा म्हणून आपल्याकडची अनेक मुलं आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या लेखन विभागाला 60 मिनिटं असतात. त्यातला दुसरा प्रश्न निबंधाचा. किमान 250 शब्द लिहायचे आणि गुणांत त्याला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन. म्हणून 40 मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवा.

घड्याळ सुरू झालं की लगेच लिहीत सुटू नका. पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न दोनदा वाचा. दोन्ही बाजू मांडायच्या आहेत की फक्त स्वतःचं मत द्यायचंय, ते नीट पाहा. दोन मुद्दे आणि प्रत्येकाला एक उदाहरण टिपून ठेवा. पुढची तीस मिनिटं लेखनाची. एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्या. ‘प्रदूषण वाईट आहे’ एवढ्यावर थांबू नका. ते कशामुळे होतं, कोणाला भोवतं, ते सांगा. उरलेली पाच मिनिटं काळ आणि स्पेलिंग तपासायला.

पाठ केलेले निबंध मात्र घरीच ठेवा. परीक्षकाला ते ओळखू येतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून लिहा. हाताला वेळेचा अंदाज येतो.