अळंबीचा रोग आणि ओव्याचें तेल

अजीर्णावर ओवा चावून खाण्याची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. कापूर, पुदिन्याचें फूल आणि ओव्याचें फूल एकत्र ठेवलें कीं तीं आपोआप विरघळून अमृतधारा बनते, हेंहि कित्येकांनीं पाहिलें असेल. या ओव्याच्या फुलासच रसायनशास्त्रांत थायमॉल म्हणतात. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं आपला ओवा जर्मनीस जाई व तेथें त्यांतून तें काढलें जाई. बुरशीच्या पेशींचें आवरण फोडण्याचा गुण त्यांत आहे.

मग अळंबीच्या रोगांवर तें कां वापरूं नये? अडचण मोठी मौजेची आहे. गव्हावर तांबेरा पडतो, तेव्हां पीक वनस्पति असतें व रोग बुरशी. येथें पीकहि बुरशी आणि रोगहि बुरशी!

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गांवीं कोणीं धिंगरी अळंबी लावूं म्हटलें, तर सोयाबीनचें भुसकट दाराशींच मिळतें. तें भिजवून, निर्जंतुक करून पिशव्यांत भरतात व थरांमध्यें बीं घालतात. पांढरे तंतू पसरण्यापूर्वीं ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी शिरली, कीं पिशवी गेलीच. गंमत अशी, कीं हीच ट्रायकोडर्मा तूर-हरभऱ्याच्या मर रोगावर शेतकरी बियाण्यास मुद्दाम चोळतो. ते हात धुतल्यावांचून अळंबीच्या खोलींत पाऊल टाकूं नये.

भुसकट कार्बेंडाझिम व फॉर्मॅलिनच्या पाण्यांत १६ ते १८ तास भिजविणें हा रूढ उपाय. तो स्वस्त खरा. पण फॉर्मॅलिन डोळ्यांस झोंबतें, आणि तेंच तेंच औषध वापरल्यानें बुरशी त्यास सरावते. ताटांत येणाऱ्या वस्तूसाठीं दुसरा मार्ग शोधावासा वाटणें साहजिक आहे.

ओवा, लवंग, दालचिनी यांचीं तेलें प्रयोगशाळेच्या काचेच्या बशींत बुरशीची वाढ थांबवितात. भुसकटांत मात्र तेल उडून जातें, पाण्याशीं मिसळत नाहीं, आणि मात्रा वाढविली तर धिंगरीचे तंतूहि खुंटतात. वास राहतो तो निराळाच.

माझ्या मतें घरगुती लागवडीस ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यांत भुसकट तासभर ठेवणें हेंच आज अधिक भरंवशाचें. तेलाची हौस असल्यास प्रथम चार पिशव्यांपुरती बीं घालण्यापूर्वीं करावी, आणि शेजारीं तशाच चार पिशव्या तेलाविना ठेवाव्या.